एकटीवर सोपवण्यासारखी नाही

डॉक्टर,

परवा हायस्कुलातले दोन मास्तर घरी येऊन गेले. तुमच्या नावानं शाळेत विज्ञानाचं बक्षीस ठेवायचं ठरलंय, समारंभाला एक छोटी पुस्तिका काढणार आहेत, तिच्यात मी तुमच्याबद्दल एक पान लिहावं असं त्यांचं म्हणणं. "तुम्ही त्यांच्या हाताखाली तयार झालात, तुमच्याइतकं कोण सांगणार?" असं धाकटा मास्तर म्हणाला. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. मी हो म्हटलं, त्यांना सोलकढी दिली, फाटकापर्यंत पोचवलं, आणि तेव्हापासून कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. 'डॉक्टर देवमाणूस होते' एवढं एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. देवमाणूस तुम्ही नव्हता. वाईट माणूसही नव्हता, नाहीतर एव्हाना मी तुम्हाला विसरून गेले असते. म्हणून हा दुसरा कागद घेतला. हा मास्तरांना द्यायचा नाही. तुम्हाला पोचवायची काही सोय नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते.

मी मॅट्रिक झाले तेव्हा आमच्या वाडीतल्या बायका मला बघायला आल्या होत्या, नवी नवरी बघायला यावं तशा. बाप गलबतावर होता, तो मी लहान असतानाच गेला. आई धक्क्यावर मासळी घ्यायची आणि बाजारात बसून विकायची. शिकलेल्या मुलीचं पुढं काय करायचं हे तिला सुचेना, म्हणून तिनं मला तुमच्या दवाखान्यात आणून उभी केली. तुम्ही म्हणालात, उद्यापासून ये, रक्त तपासायच्या काचा धुवायला कुणीतरी हवंच आहे. पुढं रोग्यांची बाकडी, मध्ये औषधांचं कपाट, आणि मागच्या पडवीत खिडकीखाली तुमचा मायक्रोस्कोप, कापडी टोपी घालून ठेवलेला. त्याला हात लावायचा नाही हा पहिला नियम. मी सकाळी आईबरोबर मासळी निवडून मगच यायची, आणि पहिल्याच आठवड्यात मी धुतलेली एक काच तुम्ही उजेडाकडे धरलीत आणि भरल्या दवाखान्यात ओरडलात, "ह्या काय हाडलंस गो? हात धुवक नाय? माणसाच्या रगतात बांगड्याचो खवलो?" बाकड्यावरची सगळी माणसं हसली. मी लाजेनं अर्धी झाले. घरी निघूनच जाणार होते, पण तुम्ही मागच्या पडवीत गेलात, टोपी काढलीत, ती काच खाली सरकवलीत आणि म्हणालात, "आता आणलासच तर बघ तरी."

मायक्रोस्कोपात मी पहिल्यांदा पाहिलं ते माझ्याच हाताला चिकटून आलेलं खवलं. त्याच्यावर रेघा होत्या, एकात एक, ओहोटी गेल्यावर वाळूत राहतात तशा. रोज शेकड्यांनी खरवडून फेकलेली वस्तू ती. मी किती वेळ पाहत राहिले कोण जाणे. तुम्ही मागं उभे होतात आणि घाई करत नव्हता. हे मी पुस्तिकेत लिहू शकेन. एवढंच लिहून थांबावं असंही मनात आलं.

पुढची दोन वर्षं तुम्ही मला शिकवलंत ते मन लावून शिकवलंत, ते नाकारत नाही. बोट कुठं टोचायचं, रक्ताचा थेंब दुसऱ्या काचेच्या कडेनं कसा ओढायचा म्हणजे जिभेसारखा पातळ थर बसतो, रंग किती वेळ ठेवायचा, पाणी कसं हळू सोडायचं. लघवीत साखर आहे का ते पाहायला निळं औषध घालून दिव्यावर तापवायचं, आणि मग ते हिरवं होतं, पिवळं होतं, की विटेसारखं लाल होतं ते बघायचं. रिपोर्टाचे छापील कागद इंग्रजीत असायचे, म्हणून दुपारी रोगी नसले की तुम्ही मला इंग्रजी वाचायला लावायचात. शब्द चुकला की टेबलावर पेन्सिल आपटायचात. तुमच्या घरच्यांना माझं ते शिकणं फारसं आवडत नसे, माझा चहाचा कप मागच्या पायरीवर पालथा असायचा. पण तुम्ही त्या कपाबद्दल कधी बोलला नाहीत आणि मीही नाही.

तुमचे डोळे नेमके कधी जायला लागले ते मला सांगता येणार नाही. एकदा औषधाच्या बाटलीच्या बाहेरच औषध ओतलंत. मग काडी पेटवून दिव्याची वात चाचपायला लागलात. मग 'आधी तू बघ, मी मागाहून बघतो' असं सुरू झालं. त्यानंतर तुम्ही वाकण्याआधीच विचारायला लागलात, "काय आहे?" मी सांगायची. मग तुम्ही वाकायचात, बारीक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे करायचात, "हं, बरोबर" म्हणायचात आणि सही करायचात. सही कुठं करायची तिथं मी बोट ठेवायची. एकदा मी धीर करून म्हटलं, "डॉक्टर, मिरजेला जाऊन डोळे दाखवून या. मोतीबिंदू काढतात तिथं." तुम्ही इतके चिडलात की शुद्ध बोलणं सुटलं. "माझ्या डोळ्यांका काय एक झाला नाय. खिडकी ल्हान आसा." आणि दुसऱ्या आठवड्यात खरोखरच सुतार बोलावून पडवीची खिडकी मोठी करून घेतलीत. मोठ्या खिडकीतून उजेडाचा लोंढा यायला लागला. तुम्हाला त्यानंही दिसलं नाही. मी कुणाला बोलले नाही. आईलासुद्धा नाही.

रोजचं वर्तमानपत्र मी तुम्हाला वाचून दाखवायची, 'चष्मा आत राहिला' असं तुम्ही म्हणायचात म्हणून. त्यातच ती जाहिरात होती. एका मोठ्या गावच्या सरकारी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत सहायक हवा, मॅट्रिक आणि कामाचा थोडा अनुभव. त्या गावाचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. मी जाहिरात वाचली आणि वर्तमानपत्र खाली ठेवलं. बाहेर कुणीतरी खोकत होतं. मग तुम्ही म्हणालात, "कर अर्ज." मी केला. महिन्याभरानं तुम्हाला एक सरकारी लखोटा आला, तोही मीच फोडून वाचला. भागातले जुने, जाणते डॉक्टर म्हणून त्या मुलाखतीच्या समितीवर तुम्हाला बोलावलं होतं. मी ते आनंदानं पुन्हा एकदा वाचून दाखवलं. तुम्ही म्हणालात, "बरां झाला." एवढंच.

आदल्या संध्याकाळी मी चुलीपाशी बसून आईला पाठ म्हणून दाखवत होते. निळा, हिरवा, पिवळा, नारिंगी, विटकरी. आई बांगडे चिरत होती. "शेवटचो तो आमच्या तिखल्याचोच रंग मां," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. मग तिनं हात धुतले, माझं इस्त्रीचं पातळ उजेडात धरून पुन्हा पाहिलं आणि म्हणाली, "भियाचा कित्याक? डाक्टर थंय आसत. ते तुका आपल्या चेडवासारख्या बगतत." दुसऱ्या दिवशी पहिल्या एस्टीनं आम्ही निघालो. तळेऱ्याला गाडी थांबली तेव्हा तिनं मला चहा घेऊन दिला आणि स्वतः घेतला नाही. ती कधी तळेऱ्याच्या पुढं गेलीच नव्हती. तिथून पुढचा सगळा रस्ता ती खिडकीचा गज घट्ट धरून बसली होती.

ती खोली मला अजून लख्ख दिसते. लांब टेबल, त्याच्यामागं तीन खुर्च्या. मध्ये मोठे साहेब, म्हणजे रुग्णालयाचे मुख्य डॉक्टर, एका बाजूला कचेरीतले एक कारकून, दुसऱ्या बाजूला तुम्ही. खिडकीशी छोट्या टेबलावर मायक्रोस्कोप. माझ्याआधी दोघे जण आत जाऊन आलेत, एक घाटावरचा तरुण आणि एक पलटणीतून सुटून आलेला वयस्क माणूस. मी आत जाते, नमस्कार करते. तुम्ही माझ्याकडे बघत नाही. मला वाटतं, बरोबरच आहे, ओळख दाखवू नये. साहेब शुद्ध मराठीत विचारतात, मी शुद्ध मराठीत उत्तरं देते. रक्त कुठल्या बोटाचं घ्यावं? डाव्या हाताची अनामिका, टोकाच्या जरा बाजूला. काचेवर थर जाड बसला तर? तो टाकून दुसरा घ्यावा, त्याच्यावर रिपोर्ट लिहू नये. साहेब मान हलवतात. मग म्हणतात, "तिथं एक काच लावलेली आहे. बघा आणि काय दिसतं ते सांगा."

मी बसते. आरसा वळवून उजेड घेते. एका दमात मला दिसतं. लाल पेशींच्या गर्दीत जांभळट चंद्रकोरी, एक, पलीकडे दुसरी, खाली कडेला तिसरी. "मलेरिया आहे, साहेब. वाईट जातीचा. चंद्रकोरी आहेत. रंग मात्र थोडा जास्त वेळ राहिलाय, त्याचे कण साचलेत, ते जंतू नव्हेत." साहेब हसतात. ते तुमच्याकडे वळून म्हणतात, "तुमच्याकडेच शिकली ना? छान. बघा तुम्हीही एकदा." मी घाईनं उठते, आणि उठताना माझं कोपर आरशाला लागतं. आरसा खाली झुकतो. मला कळतं की आता आत काळोख आहे, नुसता काळोख. मी तो सरळ करायला हात पुढं करते, पण तुम्ही तोवर येऊन बसलेले असता. तुम्ही वाकता. बारीक स्क्रू थोडा इकडे, थोडा तिकडे. तिथं बघायला काहीही नाही, डॉक्टर, अमावास्येच्या आकाशात बघावं तसं. आणि तुम्ही म्हणता, "हो. स्पष्ट दिसतायत."

माझा हात तसाच हवेत राहिला होता. तो मी पदराखाली घेतला. आरशाकडे दुसऱ्या कुणाचं लक्ष नव्हतं.

तुम्ही खुर्चीवर परत बसलात. साहेबांनी तुम्हाला इंग्रजीत विचारलं, आमच्या इथं प्रयोगशाळेत दुसरं माणूस नाही, या मुलीवर एकटीवर काम टाकता येईल का? मग तुम्हीही इंग्रजीतच सांगितलंत. हिला दिसतं, पण समजत नाही. मी सांगतो तेव्हाच ती रिपोर्ट लिहिते. पाठ केलेलं चांगलं बोलते. एकटीवर सोपवण्यासारखी नाही. सावकाश, एकेक वाक्य तोडून बोललात. साहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी मला मराठीत सांगितलं, "ठीक आहे, तुम्ही बाहेर बसा." इंग्रजी या मुलीला कळत नसणार असं त्यांनी धरलं होतं. पण ते इंग्रजी मला तुम्ही शिकवलं होतंत, टेबलावर पेन्सिल आपटून आपटून. इतक्या वर्षांत मी हजारदा विचार केला की हे तुम्ही विसरला होतात, की मला कळावं म्हणूनच तसं बोललात. विसरला होतात असं मानलं तर मला जास्त राग येतो.

आरसा वाकडा आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पुढचं साहेबांना आपोआप कळलं असतं. का बोलले नाही? लोकांना सांगायची झाली तर ही गोष्ट मी गुरुभक्तीची करून सांगेन आणि लोक डोळे पुसतील. खरं म्हणजे मला बोलताच आलं नाही. इतक्या मोठ्या माणसांच्या खोलीत 'यांना दिसत नाही' हे वाक्य माझ्या तोंडात मावलं नाही. बाहेर व्हरांड्यात आई खांबाला टेकून बसली होती. "काय इचारल्यानी गो?" मी म्हटलं, "सगळ्यांची उत्तरां दिलंय." "मगे गावतली तुका नोकरी," ती म्हणाली, आणि परतीच्या गाडीत माझ्या खांद्यावर डोकं ठेवून निवांत झोपली.

सोमवारी मी कामावर आले. तुम्ही वर न बघता म्हणालात, "मायक्रोस्कोप पूस." मी पुसला. मुलाखतीबद्दल तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, रोगी आले, काचा आल्या, तुम्ही विचारलंत काय आहे, मी सांगितलं, तुम्ही सही केलीत. सही कुठं करायची तिथं मी बोट ठेवलं. असे आणखी तीन-चार आठवडे गेले असतील. तुम्ही मला का सोडलं नाहीत ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी गेले असते तर तुमचा दवाखाना दुसऱ्या दिवशी बंद पडला असता, आणि तुम्ही आंधळे झालात हे सगळ्या मालवणाला कळलं असतं. तुम्हाला माझे डोळे हवे होते. ते तुम्ही मागितले असतेत तर, डॉक्टर, मी दिले असते बहुतेक. वर्षभर थांब, मी मिरजेला जाऊन येतो, असं म्हणाला असतात तर मी थांबले असते. पण तुम्ही मागितले नाहीत. मला काही समजत नाही असं चारचौघांत सांगून तुम्ही ते ठेवून घेतलेत.

मग नकाराचं पत्र आलं. जागा त्या घाटावरच्या तरुणाला मिळाली होती. तो पुढं माझ्या ओळखीचा झाला, सज्जन माणूस, त्याच्यावर माझा राग नाही. आईनं पत्र हातात उलटंसुलटं केलं, ती थोडी रडली, आणि मग तिनं जे ठरवलं ते मला थांबवता आलं नाही. "डाक्टरांनी तुझ्यासाठी शबुद टाकलो आसतलो. त्यांका भेटूक व्हया," ती म्हणाली. शनिवारी सकाळी ती एक अख्खी सुरमई केळीच्या पानात गुंडाळून तुमच्या दवाखान्यात आली. बाजारात बसायची वेळ बुडवून आली. मी मागच्या पडवीत काच बघत होते, मधलं दार उघडं होतं. तिचं बोलणं मला ऐकू आलं. "डाक्टरानू, तुमी होतास म्हणान माझ्या चेडवाक त्या खुर्चेर बसूक तरी गावला. तुमचे उपकार आसत." मला वाटलं, आता तरी तुमचा आवाज अडकेल. तुम्ही म्हणालात, "पुढच्या वेळेक बगूया. अजून जरा शिकूक होया तिका." आणि सुरमई आत स्वयंपाकघरात द्यायला सांगितलीत.

माझ्यासमोर तेव्हा जी काच होती ती होडी चालवणाऱ्या एका तांडेलाच्या सुनेची. तुम्हाला ती आठवत असेलच. पहिलटकरीण, पाचवा महिना, एकाआड एक दिवस थंडी वाजून ताप. ती बाकड्यावर सासूच्या अंगाला टेकून बसली होती. फवारणीवाले येऊन गेल्यापासून आपल्याकडे मलेरिया जवळजवळ संपला असं सगळे म्हणायचे, तुम्हीही म्हणायचात. पण त्या काचेवर तो होता. अंगठ्या होत्या, बारीक निळ्या, प्रत्येकीला लाल खडा, एकेका ठिकाणी दोन-दोन. शिकाऊ मुलीलाही चुकायच्या नाहीत इतक्या. तुम्ही आईला निरोप देऊन आत आलात. माशाचं पाणी तुमच्या हाताला लागलं होतं, ते रुमालाला पुसत होतात. "काय आहे?" तुम्ही विचारलंत.

मी म्हटलं, "काही नाही."

तुम्ही वाकलात. स्क्रू फिरवलात. "हं. काही नाही." आणि सही केलीत.

मी कसलाही बेत केला नव्हता. ते दोन शब्द तोंडातून गेले आणि मला वाटलं, एका मिनिटात सांगू, थांबा, मी पुन्हा बघते. पण त्या एका मिनिटात मला तुमचं ते वाकणं बघायचं होतं. ते मी बघितलं. तोवर तुम्ही पुढं जाऊन त्या बाईला साध्या तापाचं औषध लिहून दिलंत आणि सासू-सून उठून गेल्या. मग मला सांगायचं झालं तर मी खोटं बोलले हे सांगावं लागणार होतं. दुपार गेली. दवाखाना बंद झाला. दुसरा दिवस रविवार.

रविवारी संध्याकाळी आई बाजारातून आली आणि भाकरी थापता थापता बोलायला लागली. ती सासू बाजारात तिच्याशेजारीच बसायची. सून तापानं फणफणलीय, तीन गोधड्या घातल्या तरी कापतेय, असं सासू सांगत होती. सोमवारी तुम्ही दवाखाना उघडायच्या आधी मी तुमच्या दाराशी उभी होते. मी म्हटलं, "शनिवारच्या काचेवर रंग नीट बसला नव्हता. आत्ता पडवीत जाऊन पुन्हा पाहिलं. अंगठ्या आहेत. पुष्कळ आहेत." एवढंच म्हटलं. आणखी एक खोटं. तुम्ही चप्पल घालायलासुद्धा थांबला नाहीत, आत जाऊन गोळ्यांची बाटली घेतलीत आणि म्हणालात, "चल."

ती बाई वाचली. पोट मात्र त्याच सकाळी, आपण पोचायच्या आधीच पडलं होतं. तापानं ते तसंही पडलं असतं, की त्या दोन दिवसांनी पडलं, हे मला नंतर मोठमोठ्या डॉक्टरांनाही आडून आडून विचारून कळलं नाही.

परत येताना तुम्ही बंदराच्या रस्त्यावर मध्येच थांबलात. मला म्हणालात, "रंगाचं काय सांगतेस. मी बघितलं असतं तर मला दिसलं असतं. मी बघितलंच नाही. सही माझी आहे." मला वाटलं, आता सांगावं. तुम्ही पुढं चालायला लागलात, मीही चालायला लागले. त्याच दुपारी तुम्ही साहेबांना पत्र लिहिलंत, स्वतःच्या हातानं, ओळी एकमेकींवर चढलेल्या. उघडंच माझ्याकडे दिलंत. "वाच आणि पेटीत टाक." त्यात होतं की गेलं वर्षभर या दवाखान्यातल्या सगळ्या काचा ही मुलगीच वाचते, मला दिसत नाही, मुलाखतीत मी तिच्याबद्दल खरं सांगितलं नाही, आणि माझ्या दवाखान्यात नुकतीच जी चूक झाली ती माझी आहे. ते वाचून मला भरून यायला हवं होतं. माझ्या मनात आलं ते एवढंच, की हेच त्या खोलीत तोंडानं बोलायला तुम्हाला किती वेळ लागला असता?

दोन महिन्यांनी साहेबांनी मला बोलावलं. त्यांची बदली दुसऱ्या रुग्णालयात झाली होती, तिथं जागा होती. या वेळी खुर्च्या नव्हत्या, प्रश्न नव्हते. मला मायक्रोस्कोपपुढं बसवलं आणि एकामागून एक काचा दिल्या. मी निवृत्त होईपर्यंत तेच केलं. किती मुलंमुली माझ्या हाताखालून गेली. त्या प्रत्येकाला मी एकच सांगितलं, पहिल्या नजरेवर विश्वास ठेवू नका, दुसऱ्यांदा बघा. ती म्हणत, बाई फार काटेकोर. तुम्ही दवाखाना बंद केलात, मिरजेला जाऊन आलात, पण उशीर झाला होता, एका डोळ्याला थोडंसं दिसायला लागलं तेवढंच. जाड भिंगाचा चष्मा लावून ओटीवर बसायचात. मी एकदा सुट्टीत भेटायला आले होते. तुम्ही माझ्या आवाजावरून ओळखलंत. नोकरीचं काही विचारलं नाहीत. म्हणालात, "त्या बायेक मगे पोरां झाली काय गो?" मी म्हटलं, "झाली. दोन." ते खरं होतं. "बरां झाला," तुम्ही म्हणालात, आणि हात चाचपत माझ्यापुढं खाऱ्या काजूंची बशी सरकवलीत. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. मी रजा काढून आले नाही.

मास्तरांसाठी उद्या एक पान लिहीन. खवल्याचं लिहीन, इंग्रजीचं लिहीन, पत्राचंही लिहीन कदाचित, त्यानं तुमचं नाव मोठंच होईल. हे पान घडी करून कपाटात राहील, आणि मी गेल्यावर कुणी वाचलं तर वाचो.

एक मात्र राहिलं. त्या सोमवारी सकाळी त्या घराच्या अंगणात सगळी बाईमाणसं जमली होती. आत सून रडत होती. सासू बाहेर आली आणि तुमच्यापुढं उभी राहिली. तुम्ही अनवाणी होतात. इतक्या लोकांदेखत, त्या मासळी विकणाऱ्या बाईपुढं, तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, "माझी चूक झाली, बाये." मी तुमच्या मागं गोळ्यांची बाटली धरून उभी होते. आतल्या रडण्याचा आवाज मला ऐकू येत होता. आणि तरीही, डॉक्टर, तुमचे ते जोडलेले हात बघून घटकाभर मला बरं वाटलं होतं.